कुमासी ते लिलाँग्वे, मार्गे नैरोबी

लिलाँग्वे,
९ मार्च १९९२

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं जानेवारीचं पत्र परवा हाती पडलं. पाकीट एका कोपऱ्याला भिजलं होतं, त्यामुळे कोन्याडूमावशीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं तेवढं वाचता आलं नाही. बाकी सगळं, म्हणजे बाजारातली तुझी भांडणं आणि अक्रात राहूनही कुमासीला फिरकत नाही म्हणून बोआतेंगदादाला तू ऐकवलेली बोलणी, व्यवस्थित पोचलं.

पोटातलं आणि प्रवासातलं कुणाला कळू देऊ नये, दृष्ट लागते, हे तू लहानपणापासून सांगत आलीस. तरी लिहिते, कारण न लिहून चालणार नाही. मला दिवस गेले आहेत. ऑगस्टची अखेर धरून चाल.

मागच्या खेपेचा पाहुणा पाचव्या दिवशीच परत गेला. आठव्या दिवसापर्यंत बाळ पाहुणाच, तो दिवस उजाडला नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून रडायचं नाही, असं तू तेव्हा पत्रातून बजावलंस. मी रडले नाही, निदान कुणाच्या देखत तरी. पण आई, ह्या वेळी बाळाला न्हाऊ घालायला तूच हवीस. इथली नर्स मायाळू आहे, पण आपल्याकडची रीत तिला मी शिकवायची, आणि मला तरी कुठे येते? आठव्या दिवसापर्यंत बाळ तुझ्या हातात राहिलं तर मला झोप लागेल. एवढंच मागणं आहे.

आजेमानने शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून अंतर मोजलं. अक्रा ते लिलाँग्वे जेमतेम सव्वाचार हजार किलोमीटर. विमानाला सहा तासही लागू नयेत. सकाळी तिथे पेज पिऊन निघालीस तर संध्याकाळी इथे आमच्या चुलीपाशी बसून मला रागावू शकशील, असं तो म्हणतो. गणिताचा मास्तर आहे, चुकायचा नाही.

माया आहेच, ती ह्या वेळी पत्रातून न पाठवता स्वतः घेऊन यावीस.

तुझी,
सेरवा

---

कुमासी,
२ एप्रिल १९९२

चि. सेरवा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मी दाराला कडी घातली. अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? आपली पत्रं चर्चच्या पेटीतून येतात-जातात आणि पेटीची किल्ली कोन्याडूकडे असते. शेजारच्या भिंतीला कान असले तरी तिला तोंड नसतं. कोन्याडूला दोन्ही आहेत. पाकिटाचा कोपरा भिजला नव्हता, वाफेवर धरला होता. असं काही पुन्हा कागदावर लिहू नकोस. आता तिला कळलंच आहे तर हेही कळू दे की मी येत नाही.

तुझ्या नवऱ्याला सांग, दोऱ्यावरून विमानं चालत नाहीत. मी बोआतेंगला तिकिटाच्या कचेरीत पाठवलं. सरळ जाणारं विमान नाही. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की लंडनला जा आणि तिथून खाली या. मुलगी दक्षिणेला, आणि मी उत्तरेला जाऊन गोऱ्यांच्या थंडीत कुडकुडायचं. शिवाय त्यांच्या विमानतळावर नुसतं बसायलासुद्धा परवाना लागतो म्हणे. घास सरळ तोंडात न घालता मानेमागून हात नेऊन भरवायची ही कुठली रीत? मी बोआतेंगला म्हटलं, दुसरं काही विचारून ये.

मग निघालं नैरोबी. म्हणजे तुझं गाव ओलांडून पुढे जायचं आणि तिथून मागे यायचं. तेही चाललं असतं. पण इथलं विमान गुरुवारी संध्याकाळी नैरोबीला टेकतं, आणि तुझ्याकडे जाणारं त्याच गुरुवारी सकाळी उडालेलं असतं. पुढचं सोमवारी. ही वेळापत्रकं ज्या माणसाने आखली त्याला मुलगी नसावी. चार दिवस मी विमानतळावर काय करायचं, बाकांना न्हाऊ घालायचं?

तेव्हा नाद सोड. माझं दुकान आहे, माझी कंबर आहे, आणि माझं वय आहे. तू ओझी उचलू नकोस. तो मागचा विषय पुन्हा काढू नकोस. पाहुणा आला, पाहुणा गेला.

जावईबापूंना आशीर्वाद. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो लांबूनच गोड मानावा.

तुझी आई

---

लिलाँग्वे,
२७ एप्रिल १९९२

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून तीन दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते मुलीने आईला लिहू नये असं होतं.

कचेरीतला माणूस म्हणतो म्हणून येत नाहीस? तू, जिने पोत्यांनी भरलेल्या लॉरीच्या टपावर बसून टोगोतून कापड आणलंय? जी सीमेवरच्या शिपायाला एवढं बोल बोल बोलली की त्याने कंटाळून फाटक उघडलं? आणि आता चार दिवस बाकावर बसायचं तर तुला कंबर आठवली. आजेमानला मी पत्र वाचून दाखवलं. तो पुन्हा दोरा आणायला निघाला होता. मी म्हटलं, दोरा राहू दे, माझ्या आईचं मन मोजायचं काही साधन शाळेत असेल तर आण.

दुकानाचं म्हणशील तर कोन्याडूमावशी बघेल. तिच्याशी तुझं वाकडं आहे हे मला ठाऊक आहे, पण कापडाचं तिच्याशी वाकडं नाही. चौकशी लाख करेल, पण वार मोजताना ती कधी लबाडी करत नाही.

मागचा विषय काढू नको म्हणतेस. बरं. काढत नाही. पण मी रोज त्या विषयाशेजारी झोपते आहे, एवढं लक्षात ठेव. आणि येणार नसशील तर मीही माझं काय ते बघेन. काय बघेन ते कागदावर लिहीत नाही, तुझीच शिकवण आहे.

राग आहे. तो माझ्यापाशी फार टिकत नाही हे तुला माहीत आहे म्हणूनच तू अशी वागतेस.

तुझी,
सेरवा

---

कुमासी,
२० मे १९९२

चि. सेरवा हिस,
अ. उ. आ.

तुझं रागाचं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, म्हणजे प्रकृती चांगली आहे.

मी येत नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांनाही वाचता येईल. मी ये-त-ना-ही. परवा चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मुलीला तिथल्या नर्सा पुरेशा आहेत. कोन्याडू म्हणाली, बिचारी सेरवा. मी म्हटलं, बिचारी कशाने, तिला दोन हात आहेत.

आता थोड्या बारीकसारीक गोष्टी विचारते, उत्तर आलं नाही तरी चालेल. तिथे जूनमध्ये थंडी असते असं बोआतेंग म्हणतो, स्वेटर लागतो का? सुक्या मासळीची तिखट चटणी आठवडाभर बंद पेटीत टिकते ना? तुमच्या शाळेचं नाव टॅक्सीवाल्यांना माहीत असतं का? हे सगळं उगीच, म्हातारीला दुपारची झोप येत नाही म्हणून विचारते.

ऑगस्टला अजून अवकाश आहे. घाईघाईने काही करू नकोस. जिना चढताना कठड्याला धर.

दोघांनी माझी आठवण ठेवावी, पण वाट पाहू नये.

तुझी आई

---

लिलाँग्वे,
१६ जून १९९२

प्रिय सेरवा,

शाळेतले फादर गुरुवारी अक्राला निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. बोआतेंगदादांच्या कचेरीत फोन लावायचा काल चारदा प्रयत्न केला. दोनदा कुणी उचललं नाही, एकदा भलत्यालाच लागला आणि एकदा लाइन तुटली.

बसून वाच. काल दुपारी मी शाळेतून आलो तर पायरीवर तीन बोचकी होती आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या बोचक्यावर तुझी आई बसली होती, स्वेटर घालून. मला वाटलं ऊन लागलं. रीत सोडली नाही. आत बसवलं, आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं. त्यांनीही रीतीने, पाठ ताठ करून सांगितलं की घरी सगळं क्षेम आहे, त्या कुणाचं वाईट करायला आलेल्या नाहीत, मुलीचं बाळंतपण करायला आल्या आहेत. मग विचारलं, सेरवा कुठे?

मी सांगितलं की सेरवा कुमासीला तुमच्याकडे गेली आहे, बाळंतपणाला. त्यांनी वहाणा काढल्या, पाय पुढे पसरले आणि आणखी पाणी मागितलं.

मग आम्ही दोघांनी दिवस जुळवले. तू गुरुवारी सकाळी इथून निघालीस. त्याच गुरुवारी संध्याकाळी त्या नैरोबीला उतरल्या. अक्राहून येणारं विमान तासाभरात अक्रालाच परत फिरतं. म्हणजे ज्या विमानातून त्या खाली आल्या त्यातच तू वर चढलीस. खुर्चीसुद्धा त्यांचीच असेल, कोण जाणे. त्या तिथेच चार दिवस बसल्या आणि काल आल्या. तू कुणाला सांगू नको म्हणालीस, मी सांगितलं नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या घराण्यात गुपित राखण्याची परंपरा फार उत्तम आहे, सेरवा, तिच्यापुढे वेळापत्रक काय टिकणार.

त्यांचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे. कचेरीत जाऊन आलो. जुलैच्या पहिल्या आठवड्याआधी एकही जागा नाही. मी सुट्टीचा अर्ज केला होता, तो परीक्षांमुळे नामंजूर झाला. तेव्हा सासू आणि जावई इथे, आणि तू तिथे एकटी. मला काहीच सुचत नाही. तुझी फार काळजी वाटते.

तुझा,
आजेमान

---

लिलाँग्वे,
१६ जून १९९२

चि. सेरवा हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. माझ्या मनात दुसरंच आहे.

मी येत नाही म्हणून लिहिलं ते कोन्याडूला वाचायला. तुला कळायला नको? चटणी टिकते का म्हणून कुठली आई उगीच विचारते? आणि ऑगस्टची अखेर म्हणालीस. आता जावईबापू सांगतात की जुलैचा मध्य. बाहेरच्यांशी खोटं बोलायला मी शिकवलं, बये, आईशी नव्हे. खरा महिना कळवला असतास तर मी मे महिन्यातच येऊन बसले असते.

इथे मला भाताऐवजी रोज पांढऱ्या मक्याचा गोळा खायला मिळतो. आपल्या बांकूसारखाच, फक्त पीठ आंबवायचं कुणीतरी विसरलंय. जावई उत्तम स्वयंपाक करतो, तक्रार नाही. तक्रार विमानांची आहे. सहा तासांच्या वाटेला मला पाच दिवस लागले, आणि आता तीन आठवडे इथे हात बांधून बसायचं, तू माझ्या पलंगावर कण्हत असताना.

आता नीट वाच. पाणी कोपराला सोसेल इतकंच ऊन. आधी पाठ, मग पाय, डोकं शेवटी. अंगाला चोळायचं शिआच्या बियांचं लोणी कपाटात वरच्या फळीवर आहे. ऊन फडक्याने डोकं दाबून गोल करायचं, पण टाळूवर जोर द्यायचा नाही. न्हाऊ झालं की बाळाला वाऱ्यावर नेऊ नकोस. हे तुला एकटीला जमायचं नाही. कोन्याडूला बोलाव. तिच्या चार मुलांतलं एकही गेलं नाही. मी तिच्याशी तीन वर्षं धड बोललेले नाही, तरी माझं नाव घेऊन सांग की अफ्राकोमाने पदर पसरून विनवलं आहे. हेच शब्द सांग. वाफेवर न धरता कळू दे तिला.

जपून राहा. बाकी बोलणी समोर आलीस की देईन.

तुझी आई

---

नैरोबी विमानतळ,
बुधवार, ८ जुलै १९९२

चि. आजेमान यांस,
अ. उ. आ.

तुम्ही मला सोमवारी विमानात बसवलंत तेव्हा मी नीट निरोप घेतला नाही. तुम्हाला आलेली तार माझ्या खिशात होती आणि माझं चित्त त्या तारेत होतं. बुधवारी मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तारेत एवढंच मावतं. त्यालाही आज आठवडा झाला. दोघी बऱ्या होत्या हे खरं, पण आज बऱ्या आहेत का, हे सांगायला इथे कुणी नाही.

अक्राला जाणारं विमान रविवारी गेलं आणि पुढचं उद्या आहे. तेव्हा मी पुन्हा त्याच बाकावर आहे. झाडूवाली बाई मला ओळखते. तिने विचारलं की मागच्या महिन्यात गेलेली तुम्हीच ना, मुलगी भेटली का? तिला काय सांगणार? मी तिला चटणी दिली. ती सामानातून काढून टाका असं आतला शिपाई म्हणतच होता.

आज आठवा दिवस. आपल्याकडे दिवस उजाडायच्या आत पोरीला बाहेर आणतील, जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतील, मग दारूचा, आणि सांगतील की पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू म्हण. मग नाव घेतील. ते तारेने तुम्ही तुमच्या काकांना कळवलंत, मला मात्र सांगितलं नाहीत. आठव्या दिवसाआधी नाव उच्चारू नये, बरोबर आहे, मीच तुम्हाला गप्प केलं असतं. पण जावईबापू, इथे बसून मला ते नाव हवं होतं. नाव नसलेल्या पोरीसाठी प्रार्थना करताना माणूस अडखळतो.

इथे केव्हाचं उजाडलंय. काचेतून ऊन अंगावर येतं आहे. आणि त्यांच्याकडे अजून काळोख आहे. नैरोबीचं घड्याळ तीन तास पुढे असतं म्हणतात. म्हणजे माझा आठवा दिवस उजाडून गेला आणि तिचा अजून उजाडायचा आहे. ह्या तीन तासांत मी काय करायचं असतं हे कुठल्याच कचेरीत कुणी सांगत नाही. मी नळावरून पेल्यात पाणी आणलं आणि ते हातात धरून बसले आहे. लोक बघतात. बघू देत.

तुमची काळजी करते. जेवत जा. माझ्या तोंडाळपणाचा राग मानू नये, तो सगळा ह्या विमानांवर आहे.

अफ्राकोमा

---

कुमासी,
१२ जुलै १९९२

प्रिय आजेमान,

लेक बरी आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

कोन्याडूमावशीला मी आईचे शब्द सांगितले. तिने लुगडं खोचलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ येत राहिली. पाचव्या दिवशी तर तिने दिवसभर लेकीला खाली ठेवलंच नाही. मी काही म्हटलं नव्हतं. तिलाच आठवलं असावं.

नामकरणाला तुझे काका वेळेवर आले. अंगणात सगळे जमले. काकांनी तुझी तार उघडली, वाचली, पुन्हा वाचली आणि बाजूला नेऊन मला दाखवली. तारवाल्याने घोळ केला आहे म्हणाले. मानू लिहिलंय, आणि मानू तर दुसऱ्या लेकराला म्हणतात. ही तर पहिली. मी सांगितलं, घोळ नाही. ते म्हणाले की आठवा दिवस न पाहिलेलं लेकरू मोजत नसतात, आजवर कुणी मोजलं नाही, लोक हसतील. मी तुला विचारलं नव्हतं, तू मला सांगितलं नव्हतंस, तरी ती तार वाचताना माझ्या मनात तुझ्याबद्दल जे दाटून आलं ते पत्रात लिहिता येत नाही. मी काकांना एवढंच म्हटलं की नाव ठेवायचा हक्क बापाचा, आणि बापाने ठेवलं आहे. त्यांनी तार घडी करून खिशात ठेवली. मग जिभेवर पाणी ठेवलं आणि नाव घेतलं.

आई शुक्रवारी आली. टॅक्सीतून उतरली, कुणाला रामराम नाही, मला एक शब्द नाही. हात धुतले, पाणी तापवलं, बाळाला माझ्या मांडीवरून उचललं. न्हाऊ घालताना तिचं तोंड सुरू झालं. डोकं एका बाजूला चपटं राहिलंय, कोन्याडूला कधी जमणार, लोणी किती थापलंय, विमानवाल्यांचं वाटोळं होवो. कोन्याडूमावशी दारात उभी राहून ऐकत होती आणि हसत होती. बाळाला फडक्यात गुंडाळल्यावर आईने नाव विचारलं.

मला भीती वाटली. सांगितलं, मानू.

तिचे हात थांबले. मला वाटलं आता बोलणार की मागचा विषय काढायचा नाही. ती उठली, बाळाला घेऊन अंगणाच्या मधोमध गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की ही माझी नात मानू, हिच्याआधी एक नातू होता. मग ती तिथेच रडायला लागली. सगळ्यांच्या देखत. मग मीही रडले, आणि मला कुणी गप्प केलं नाही.

नंतर आत येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिने विचारलं की तो कुणासारखा दिसत होता. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आजेमान. मी तिला सगळं सांगितलं, त्याच्या कानांपासून.

परीक्षा संपल्या की निघ. कुठूनही वळसा घालून ये, पण ये.

तुझी,
सेरवा